वाग्नरच्या जुन्या स्टिरिओ तबकड्या गलका का वाटतात, आणि त्यात ऐकायचं काय

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: काकांच्या कपाटातून वाग्नर या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन ऑपेराकाराच्या ऑर्केस्ट्रा संगीताच्या काही जुन्या एलपी तुमच्याकडे आल्या. ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्यांपैकी (म्हणजे कंडक्टरांपैकी) क्लेम्पररच्या दोन, क्नापर्ट्सबुशची एक, जॉर्ज सेलची एक. तुमचा कान हिंदुस्थानी संगीतावर तयार झालेला. टर्नटेबल ब्लूटूथ स्पीकरला जोडून ऐकलंत, तर सगळा गलका वाटला, बाजू संपत आली की व्हायोलिनं किंचाळायला लागली, आणि मुळात ऑपेरातलं गाणंच काढून टाकल्यावर उरलेल्या साथीत ऐकायचं काय, हेही कळेना. शिवाय लोक या '६० सालच्या आसपासच्या स्टिरिओ तबकड्यांसाठी एवढे पैसे का मोजतात? ठेवाव्यात की विकाव्यात?

मी जुन्या तबकड्या आणि स्पूल टेप डिजिटल करून देण्याचं काम करतो, त्यामुळे 'गलका वाटतो' ही तक्रार माझ्या ओळखीची आहे. ती करणाऱ्याच्या कानात सहसा काही खोट नसते. तुमच्या बाबतीत दोन गुंते एकमेकांत अडकलेत, एक यंत्राचा आणि एक ऐकण्याचा. यंत्राचा आधी सोडवू, कारण तोवर दुसऱ्यावर बोलणं फुकट आहे.

ब्लूटूथ स्पीकर म्हणजे एकच डबा असेल, तर तुम्ही स्टिरिओ ऐकलेलंच नाही. डावी-उजवी बाजू एकत्र कालवली जाते आणि शंभरएक वादक एका वीतभर जागेत कोंबले जातात. एक सतार, एक तबला असेल तर त्यात फारसं बिघडत नाही. वाग्नरमध्ये सगळंच बिघडतं, का ते पुढे येईलच. महागडं काही घ्यायची गरज नाही. जुना पण धड चालणारा अँप्लिफायर आणि शेल्फवर मावणाऱ्या स्पीकरची जोडी पुरते. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, तेवढंच अंतर त्या प्रत्येकापासून तुमच्या खुर्चीपर्यंत. फ्लॅटमधल्या खोलीत हे पावणेदोन-दोन मीटर होतं आणि तेवढं छान चालतं. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात ढकलू नका, डबलबास नुसते घुमत राहतील. हेडफोनवर ऐकलं तरी चालेल, फक्त तिथे डावं-उजवं जरा जास्तच तुटक वाटतं. या तबकड्या खोलीत समोर ठेवलेल्या स्पीकरसाठी केलेल्या आहेत.

आता बाजूच्या शेवटी येणारी किंचाळी. ही तुमची कल्पना नाही, हे तबकडीचं भूमितीशास्त्र आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. म्हणजे तोच आवाज आत निम्म्याहून कमी जागेत कोरलेला असतो. आणि वाग्नरची गंमत अशी की त्याचे बरेच तुकडे अगदी शेवटी टिपेला पोचतात. 'टानहॉयझर' या ऑपेराच्या ओव्हर्चरचा, म्हणजे पडदा उघडण्याआधी वाजणाऱ्या तुकड्याचा, शेवट घ्या: ट्रॉम्बोन यात्रेकरूंचं भजन ठणकावून सांगतायत, वर व्हायोलिनांची न थांबणारी धावपळ, आणि हे सगळं कदाचित लेबलापासून दोन बोटांवर. त्यात सुई गोल टोकाची किंवा झिजलेली असेल, तर किंचाळणारच. लंबगोल टोकाची नवीन सुई, कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) टेम्पलेटवर, म्हणजे मापाच्या कागदावर, नीट बसवलेलं, सुईचं वजन कंपनीने सांगितलेल्या मर्यादेच्या वरच्या बाजूला. कमी वजनाने तबकडी वाचते असा समज आहे; हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते. एवढं करूनही खरखर फक्त जोरकस जागांवरच येत असेल, तर काकांच्या किंवा त्यांच्या आधीच्या मालकाच्या जड टोनआर्मने खाच खाल्लेली आहे. त्याला इलाज नाही.

आणि तबकडी धुवा. कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे धूळ खाचेत दाबून बसवणं. डिस्टिल्ड पाणी, त्यात अगदी थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने, नंतर पुन्हा नुसतं डिस्टिल्ड पाणी. लेबल ओलं होऊ देऊ नका. आपल्याकडच्या पावसाळ्यांनी धरलेली बुरशी एवढ्याने बऱ्यापैकी निघते. '५८ नंतरच्या स्टिरिओ तबकड्यांसाठी वेगळा 'इक्वलायझेशन कर्व्ह' (खर्ज-टीप यांचा ठरलेला समतोल) लागतो असं सांगून कोणी महागडा फोनो प्रीअँप (टर्नटेबलचा आवाज वाढवणारा डबा) गळ्यात मारायला बघेल. माझ्या मते त्याची गरज नाही.

हे झालं की मूळ विषयाकडे येता येईल.

ही अमुक वर्षंच एवढी का गाजतात? स्टिरिओची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये ॲलन ब्लुमलाइनने १९३१ मध्येच पेटंटचा अर्ज केला होता. पण घरात लावता येईल अशी स्टिरिओ एलपी बाजारात आली १९५८ मध्ये. त्याआधी कंपन्या टेपवर प्रयोग करत होत्या. कंडक्टर तोस्कानिनीची अखेरची मैफल, ४ एप्रिल १९५४, कार्नेगी हॉल, सगळा कार्यक्रम वाग्नरचा, ही अशीच प्रयोग म्हणून स्टिरिओत टिपली गेली. वय ८७, आणि 'टानहॉयझर' चालू असताना त्याची स्मरणशक्ती दगा देते, ती जागाही त्यात आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मन कंडक्टर फुर्टवेंगलर गेला. वाग्नरच्या बाबतीत अनेकजण ज्याला शेवटचा शब्द मानतात, त्या माणसाचं स्टुडिओतलं स्टिरिओ ध्वनिमुद्रण म्हणून काही नाहीच.

पण जुन्या कंडक्टरांपैकी काहीजण उरले होते. ब्रूनो वॉल्टरचा जन्म १८७६ चा, म्हणजे वाग्नरचं जर्मनीतल्या बायरॉइटचं नाट्यगृह उघडलं त्याच वर्षीचा. क्लेम्परर १८८५, क्नापर्ट्सबुश १८८८. वॉल्टर आणि क्लेम्परर संगीतकार-कंडक्टर माहलरच्या सहवासात घडलेले. क्नापर्ट्सबुशने तरुणपणी बायरॉइटमध्ये हान्स रिश्टरच्या हाताखाली उमेदवारी केलेली, आणि रिश्टर म्हणजे १८७६ मध्ये 'रिंग'चा, म्हणजे वाग्नरच्या चार ऑपेरांच्या मालिकेचा, पहिला प्रयोग चालवणारा माणूस. या मंडळींची शेवटची वर्षं आणि स्टिरिओची पहिली वर्षं नेमकी एकमेकांवर आली. १९५५ ते ६५ हा तो पट्टा. तबकड्यांच्या किमतीमागे हौसेचा आणि सटोडियांचा भाग बराच आहे, पण मुळाशी ही गोष्ट आहे आणि ती खरी आहे.

'गाण्याशिवाय काय उरतं' या शंकेला सरळ उत्तर वाग्नरनेच दिलंय. 'ट्रिस्टान' हा त्याचा ऑपेरा रंगमंचावर आला १८६५ मध्ये, म्युनिकला. पण त्याचं प्रिल्यूड (ओव्हर्चरसारखाच सुरुवातीचा तुकडा) वाग्नरने स्वतः १८६० मध्ये पॅरिसच्या मैफलीत वाजवून झालं होतं. 'रिंग'मधला 'वाल्क्यूरे' रंगमंचावर यायला १८७० उजाडलं, वाल्क्यूरींची दौड मात्र त्याने त्याच्या आठ वर्षं आधी व्हिएन्नात मैफलीत ऐकवली होती. पैसा हवा होता, लोकांच्या कानांची तयारी करायची होती. म्हणजे तुकडे वेगळे काढून ऐकवणं हा नंतरच्या रेकॉर्ड कंपन्यांचा उद्योग नव्हे. सगळेच तुकडे सारख्या योग्यतेचे नाहीत, हे मात्र खरं. प्रिल्यूड आणि ओव्हर्चर स्वतःच्या पायावर उभी असतात. 'दौड' ही गायिकांशिवाय जरा रिकामी वाटते. मला तरी ती दोनदा ऐकली की पुरे होते. तुमचीही सुरुवात त्यातूनच झाली असेल तर आधी ती बाजूला ठेवा.

सुरुवात करायची 'मायस्टरसिंगर' या ऑपेराच्या प्रिल्यूडपासून, आणि क्लेम्पररच्या तबकडीवरूनच. १९६० मध्ये लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रासोबत केलेलं हे ध्वनिमुद्रण आहे. क्लेम्परर जुन्या जर्मन पद्धतीने वादक बसवायचा: पहिली व्हायोलिनं त्याच्या डाव्या हाताला, दुसरी उजव्या हाताला, समोरासमोर. तोवर बहुतेक ऑर्केस्ट्रांत दोन्ही व्हायोलिनं डावीकडेच बसायला लागली होती. क्लेम्पररने हट्ट सोडला नाही.

याने काय फरक पडतो ते प्रिल्यूडच्या शेवटच्या तिसऱ्या भागात कळेल. गजबज ओसरून आवाज अचानक खाली येतो, आणि वाग्नर तोवर वेगवेगळ्या ऐकवलेल्या तीन चिजा एकाच वेळी सुरू करतो. तळाला डबलबास, बासून (खर्जाचं फुंकवाद्य) आणि ट्यूबा अगदी पहिलीच दणकट चाल धरतात. वर पहिली व्हायोलिनं, चेलो, एक क्लॅरिनेट आणि एक हॉर्न नायकाच्या प्रेमगीताची लांबलचक ओळ गातात. मधल्या मध्ये दुसरी व्हायोलिनं, व्हायोला आणि बाकीची फुंकवाद्यं कारागिरांच्या संघाचं कूचगीत दुप्पट लयीत, खेळकरपणे वाजवतात. एका स्पीकरच्या डब्यातून हे तिन्ही एकमेकांवर चढतात. तुम्हाला गलका ऐकू आला तो हाच. दोन स्पीकर लावून क्लेम्पररचं ऐका. प्रेमगीत डाव्या बाजूने येतं, कूचगीताचे व्हायोलिन उजवीकडून टोचत राहतात, आणि बासची चाल दोन्हींच्या खालून निघून जाते. लक्ष एका वेळी एकावरच ठेवा. पहिल्यांदा फक्त उजवीकडची दुसरी व्हायोलिनं. सुई उचलून पुन्हा तीच जागा, आता फक्त तळ. मग काहीच न ठरवता. दोन-तीन फेऱ्यांत तो पसारा आपोआप उलगडतो, आणि एकदा उलगडला की पुन्हा गुंतत नाही, अगदी मोबाइलवर ऐकलं तरी.

या सगळ्यात गाणारा माणूस कुठे गेला, असं विचाराल तर तो या पसरण्यातच आहे. ऑपेरात जे काम रंगमंचावरच्या माणसांच्या जागा करतात, ते इथे वादकांच्या जागा करतात. म्हणून या तबकड्या ऐकताना आवाज किती स्वच्छ आणि चकचकीत आहे हे मी शेवटी बघतो. आधी बघतो ते कोण कुठे बसलंय, कोणाच्या मागे कोण आहे, आणि हॉल किती मोठा आहे.

हॉल ऐकायचा असेल तर 'ट्रिस्टान'चं प्रिल्यूड. चेलो एक ओळ वर नेतात, फुंकवाद्यं तिला एका अस्वस्थ स्वरसंगतीवर लटकवून ठेवतात, आणि मग सगळे गप्प. पुन्हा तीच ओळ जरा वरून, पुन्हा शांतता. तुम्ही हिंदुस्थानी ऐकणारे म्हणून सांगतो: तिहाई आली, समेवर मान टाकायला आपण तयार, आणि गायक ती समच ओलांडून पुढच्या आवर्तनात शिरला, तर जीव जसा टांगणीला लागतो, तसं इथे दहा-अकरा मिनिटं चालतं. खरी सम लागते ती ऑपेराच्या अगदी शेवटी, लीबेस्टोटच्या, म्हणजे नायिकेच्या शेवटच्या गाण्याच्या, अखेरच्या स्वरांत. मैफलीत हे दोन तुकडे जोडून वाजवतात ते म्हणूनच.

आता त्या सुरुवातीच्या शांततांकडे कान द्या. वादक थांबलेले असतात, पण तबकडी थांबत नाही. फुंकवाद्यांचा शेवटचा स्वर मागच्या भिंतीपर्यंत जाऊन विरतो, आणि तो किती वेळात विरतो यावरून खोलीचं आकारमान कळतं. किंग्जवे हॉल हे मेथडिस्ट पंथाचं जुनं सभागृह, ध्वनिमुद्रणासाठी नावाजलेलं, पण खालून भुयारी रेल्वेचा ऑल्डविचचा फाटा जायचा. तिथल्या अनेक ध्वनिमुद्रणांत, चांगले स्पीकर असतील तर, शांत जागी गाडीची गुरगुर येते. कोणी म्हणेल हा दोष आहे. असेल. पण डिजिटल आवृत्ती काढताना कोणी ती गुरगुर आणि टेपची सळसळ गाळून टाकली, की त्याबरोबर हॉलची शेपटीही कापली जाते आणि शांतता मेल्यासारखी वाटते. गोंगाट कमी करणारी डॉल्बी पद्धत स्टुडिओत यायला १९६६ उजाडलं. त्याआधीच्या टेपवर सळसळ असणारच. माझ्याकडे कोणी अशी तबकडी डिजिटल करायला आणली, तर मी टिकटिक काढतो, सळसळीला हात लावत नाही.

'लोएनग्रिन' या ऑपेराचं पहिल्या अंकाचं प्रिल्यूड मात्र तबकडीवर ऐकण्याचा हट्ट धरू नका. सुरुवातीला व्हायोलिनं आठ भागांत वाटलेली, अगदी वरच्या सप्तकात आणि इतकी हळू, की तुमच्या एलपीवरचं प्रत्येक टिकटिक त्यांच्याहून मोठं ऐकू येईल. हे प्रिल्यूड स्ट्रीमिंगवर ऐका, काही पाप लागत नाही.

इथवर मी वादकांच्या जागा वेगवेगळ्या ऐकू येण्याचं कौतुक केलं. त्याला एक मोठी हरकत आहे आणि ती खुद्द वाग्नरची म्हणता येईल. बायरॉइटला त्याने स्वतः बांधून घेतलेल्या नाट्यगृहात ऑर्केस्ट्रा दिसतच नाही. खड्डा पायऱ्यापायऱ्यांनी रंगमंचाखाली उतरत जातो, पितळी वाद्यं सर्वांत खोल, वरून वळणदार झाकण. आवाज आधी रंगमंचाकडे जातो, तिथे मिसळतो आणि मग श्रोत्यांकडे येतो. पहिली व्हायोलिनं तिथे उजवीकडे बसतात! म्हणजे डावं-उजवं नीट सुटं ऐकू यावं ही त्याची कल्पना निदान तिथे तरी नव्हती. 'पार्सिफाल' हा एकच ऑपेरा त्याने ते नाट्यगृह कानाखालून गेल्यावर पूर्ण केला. त्याचं प्रिल्यूड क्नापर्ट्सबुशच्या १९६२ च्या बायरॉइटमधल्या ध्वनिमुद्रणात ऐकलंत, तर कोणतं वाद्य कुठे आहे हे बोट दाखवून सांगता येणार नाही, आणि तेच बरोबर आहे. 'मायस्टरसिंगर'ला जो निकष लावला तो इथे लावायचा नाही. तेव्हा 'सगळ्यात चांगलं ध्वनिमुद्रण कोणतं' या प्रश्नाला मी नेहमी उलट विचारतो: कशाचं?

बायरॉइटचंच आणखी एक उदाहरण. १९५५ मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीने तिथे योझेफ काइलबेर्टने चालवलेली अख्खी 'रिंग' प्रत्यक्ष प्रयोगांतून स्टिरिओत टिपली आणि पन्नास वर्षं कपाटात ठेवून दिली. ती बाहेर आली २००६ मध्ये. दरम्यान डेक्काने व्हिएन्नात १९५८ ते ६५ कंडक्टर सोल्टीबरोबर स्टुडिओतली 'रिंग' केली आणि स्टिरिओ म्हणजे काय याची व्याख्याच डेक्काचा निर्माता जॉन कलशॉने तिथे लिहिली असं म्हटलं तरी चालेल. हे ध्वनिमुद्रण झालं ती झोफिएनझाल ही जागा मूळची स्नानगृहाची. लाकडी फरशीखाली जुन्या तलावाची पोकळी होती आणि तिथल्या खर्जाचं श्रेय अनेकजण तिला देतात. त्या 'रिंग'मधल्या पहिल्या ऑपेराची, 'राइनगोल्ड'ची, पहिली चार-एक मिनिटं मिळवून ऐका. एकच स्वरसंगती, १३६ मापं, तळाला बास, आणि त्यावर आठ हॉर्न एकामागून एक शिरतात. प्रत्येक हॉर्न आधीच्यापेक्षा किंचित वेगळ्या जागेवरून येतो. तुमचे स्पीकर नीट लागलेत की नाही हे तपासायला मला यापेक्षा चांगली जागा माहीत नाही.

तुमच्याकडच्या बाकीच्या दोन तबकड्यांबद्दल थोडक्यात. क्नापर्ट्सबुश सैल आणि प्रचंड असतो; त्याला तालमींचा कंटाळा होता आणि ते ऐकू येतं, पण तो ज्या जागी श्वास घेतो तिथे दुसरं कोणी घेत नाही. सेल याच्या बरोबर उलट, एकही स्वर जागा सोडून नाही. त्याच्या क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राचे अमेरिकन आवाज जरा जवळून आणि झगझगीत टिपलेले असायचे, त्यामुळे घासलेली तबकडी तिथे लगेच उघडी पडते. 'मायस्टरसिंगर' कानात बसल्याशिवाय सेल ऐकू नका.

विकण्याबद्दल. किंमत वादनावर ठरत नाही, छापावर ठरते. इंग्लंडमधल्या कोलंबियाच्या (ईएमआय कंपनीच्या एका लेबलाच्या) एसएएक्स मालिकेतल्या, निळ्या-रुपेरी लेबलाच्या पहिल्या प्रती असतील तर जगभर गिऱ्हाईक आहे, पण खाच स्वच्छ असेल तरच. ग्रामोफोन कंपनीच्या कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यातला छाप असेल तर परदेशी संग्राहक फार विचारत नाहीत. वाजवायला मात्र त्यातल्या कित्येक प्रती अगदी ठीक असतात, त्यामुळे त्या विकण्यापेक्षा ठेवण्यातच फायदा. ठरवण्याआधी लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला आकडा तिरक्या उजेडात वाचा. तो वायएएक्सने सुरू होत असेल तर ती ईएमआयची स्टिरिओ साचाखूण आहे. मग लेबलाचा आणि त्या आकड्याचा फोटो इथेच टाका. तोवर मुंबईच्या चोरबाजारातल्या कोणी 'सगळं मिळून एवढे देतो' म्हटलं तर हो म्हणू नका.